पाण्यातून वर येण्याची किंमत : डिकॉम्प्रेशन सिकनेसचा इतिहास

तारकर्लीला किंवा अंदमानला स्कूबा करून त्याच दिवशी विमानात बसलं तर चालेल का? असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. त्याचं उत्तर समजण्यासाठी पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. समुद्रात 10 मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. घाईने वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. ते सांध्यांत दुखतात, मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडू शकतात.

हा आजार प्रथम पाणबुड्यांमध्ये नव्हे, तर मजुरांमध्ये ठळकपणे दिसला. 1841 मध्ये फ्रान्समधल्या त्रिजे या अभियंत्याने कोळशाच्या खाणीसाठी दाबाची हवा भरलेली लोखंडी विहीर, म्हणजे केसन, वापरली. काही कामगारांना बाहेर आल्यावर सांधेदुखी झाली. 1854 मध्ये पोल आणि वाटेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी नेमकं हेरलं : आत असताना त्रास नाही, किंमत मोजावी लागते ती बाहेर पडताना. पुन्हा दाबाखाली नेल्यास आराम पडतो, हेही त्यांनी नोंदवलं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायाच्या कामावर डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनी अशा 110 रुग्णांची नोंद केली. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही याच आजाराने अंथरुणाला खिळला. 1878 मध्ये पॉल बेर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की दोषी नायट्रोजनचे बुडबुडे आहेत. जास्त दाबाचा ऑक्सिजनही विषारी ठरतो आणि झटके आणतो, हेही त्यानेच सांगितलं.

मग आले जॉन स्कॉट हाल्डेन. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी बकऱ्यांना दाबाच्या खोलीत ठेवून प्रयोग केले. त्रास झाला की बकरी पुढचा पाय उचलून धरायची. 1908 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी तक्ते छापले. शरीरातल्या काही ऊती नायट्रोजनने लवकर भरतात, काही उशिरा. म्हणून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचा नियम घालून दिला.

फार खोलवर साधी हवा चालत नाही. नायट्रोजनने दारूसारखी गुंगी येते. म्हणून त्यातला काही नायट्रोजन काढून हेलियम घालतात. या हेलियमची खूण 1868 च्या सूर्यग्रहणात, आपल्या गुंटूरहून केलेल्या निरीक्षणात दिसली होती. स्वित्झर्लंडचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी हेलियम मिश्रणांचं गणित मांडलं. 1962 मध्ये त्यांचा साथीदार हानेस केलर कॅलिफोर्नियाजवळ सुमारे 300 मीटर खोल जाऊन जिवंत परतला, पण त्याच्यासोबतचा पत्रकार पीटर स्मॉल आणि मदतीला गेलेला एक तरुण पाणबुड्या दगावले. गणित असूनही प्रत्यक्षात एक गोष्ट बिघडली की काय होतं, हे त्या दिवशी दिसलं.

ब्यूलमान यांचे 16 कप्पे आज मनगटावरच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा : हे यंत्र तुमच्या रक्तातला नायट्रोजन मोजत नाही. खोली, वेळ आणि तुम्ही सांगितलेला वायू, एवढ्यावरून ते हिशेब करतं.

समजा 60 मीटरसाठी 18 टक्के ऑक्सिजन आणि 45 टक्के हेलियमचं मिश्रण आहे, वर येताना 21 मीटरवर 50 टक्के ऑक्सिजनची आणि 6 मीटरवर शुद्ध ऑक्सिजनची टाकी घ्यायची आहे. तोंडात कोणती टाकी आहे, हे साध्या कॉम्प्युटरला कळत नाही. 21 मीटरवर चुकून शुद्ध ऑक्सिजन ओढला तर पाण्याखालीच झटका येऊन माणूस बुडू शकतो, पडद्यावरचे आकडे मात्र बिनचूक दिसत राहतात. म्हणून प्रशिक्षित पाणबुडे प्रत्येक टाकी स्वतः तपासतात, तिच्यावर कमाल खोली ठळक लिहितात, वायू राखून ठेवतात आणि यंत्र बंद पडलं तर काय करायचं याचा कागदी तक्ता सोबत नेतात.

यंत्राला तुमचा थकवा, पाण्याची कमतरता किंवा हृदयातलं जन्मजात छोटं छिद्र कळत नाही. असं छिद्र साधारण चारांपैकी एकाला असतं. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसतो, पण बुडबुडे त्यातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. खोल डाइव्ह करणार असाल तर आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. विमानात दाब आणखी कमी होतो. एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18 तास आणि टप्प्यांनी वर यावं लागलेल्या डाइव्हनंतर त्याहून बराच जास्त वेळ, शक्यतो 24 तास, थांबा.

डाइव्हनंतर सांधेदुखी, मुंग्या, चक्कर किंवा अशक्तपणा आला तर 'अवघडलं असेल' म्हणून घरी बसू नका. रुग्णाला आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या आणि दाबाच्या चेंबरची सोय असलेल्या रुग्णालयात हलवा. पुन्हा पाण्यात उतरवणं हा उपाय नाही.