मेंदूच्या तळाशी असलेले रोहिण्यांचे कडे

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा एकट्या मेंदूला लागतो. हे रक्त चार रोहिण्यांमधून येते. मानेच्या पुढच्या भागातून, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या दोन कॅरोटिड रोहिण्या आणि मागील बाजूने, मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांतून वाट काढत चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल रोहिण्या, या त्या चार वाटा होत. यांपैकी मागच्या दोन कवटीत शिरल्यावर एकत्र येऊन बॅसिलर नावाची एकच रोहिणी बनते, आणि पुढे मेंदूच्या तळाशी या सर्वांच्या शाखा बारीक जोडशाखांनी एकमेकींना मिळून एक बंद कडे तयार होते. या कड्याला ‘विलिसचे वर्तुळ’ म्हणतात. हे नाव ज्याच्यावरून पडले त्या टॉमस विलिसने ते सर्वांत आधी पाहिले नव्हते. तरीही नावाचा मान त्याला मिळाला तो योग्यच होता, कारण हे कडे कशासाठी आहे हा प्रश्न विचारून त्याचे पुराव्यासह उत्तर त्याने दिले.

त्याआधी सुमारे तेरा शतके युरोपातील वैद्यांना मेंदूच्या तळाशी दुसरेच काही दिसत होते. दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या गेलनला मानवी शवांचे विच्छेदन करता येत नव्हते. त्याचे ज्ञान बैल, डुक्कर, माकड अशा प्राण्यांवर उभे होते. बैलाच्या मेंदूखाली कॅरोटिड रोहिणीच्या असंख्य बारीक फांद्यांचे दाट जाळे असते. हृदयातून येणारा प्राणतत्त्वाचा अंश या जाळ्यात अधिक सूक्ष्म होतो आणि त्यापासून बुद्धी व हालचाल यांना चालवणारे तत्त्व बनते, अशी गेलनची मांडणी होती. माणसाला असे जाळे नसते. परंतु गेलनचा शब्द प्रमाण मानला गेल्यामुळे ते मानवी शरीराच्या वर्णनांत आणि चित्रांत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. बोलोन्याच्या बेरेंगारिओ दा कार्पी याने शंभराहून अधिक मस्तके तपासूनही आपल्याला ते सापडले नाही असे नोंदवले. तथापि, त्याच्या नोंदीने परंपरा डळमळली नाही.

खुद्द आन्द्रेआस वेसालियसने १५३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रफलकांत हे जाळे काढलेले आहे. पाचच वर्षांनी, १५४३ साली, बाझेल येथे छापल्या गेलेल्या आपल्या महाग्रंथात त्याने माणसात ते नसल्याचे सांगितले, आणि त्याबरोबरच आपण पूर्वी काय करत होतो हेही लपवले नाही. मानवी मस्तकाचे जाहीर विच्छेदन करताना तो मेंढराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवत असे आणि जे माणसात दाखवता येत नव्हते ते त्या जनावरात विद्यार्थ्यांना दाखवत असे. एका मोठ्या विद्वानाने स्वतःच्या अध्यापनाबद्दल छापील ग्रंथात असे लिहावे, याला विज्ञानाच्या इतिहासात मोठे मोल आहे. जाळे गेले तेव्हा त्याजागी खरोखर काय आहे हे पाहण्याची वाट मोकळी झाली, आणि १५६१ मध्ये फालोपिओच्या वर्णनात, तसेच १६२७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कासेरिओच्या चित्रांत, जोडलेल्या रोहिण्यांचे कडे कमीअधिक अपुऱ्या स्वरूपात उमटू लागले.

मात्र केवळ आकार कळून उपयोग नव्हता. विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरते हे सिद्ध करेपर्यंत, एका रोहिणीतील रक्त दुसऱ्या रोहिणीच्या प्रदेशात पोचू शकते या कल्पनेला आधारच नव्हता. हार्वीच्या शोधाचा रोगांच्या विचाराला झालेला पहिला मोठा लाभ स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या गावी दिसला. माणूस एकाएकी कोसळतो, शुद्ध व हालचाल गमावतो, या अवस्थेला प्राचीन ग्रीक वैद्य ‘अपोप्लेक्सी’ म्हणत आणि मेंदूच्या पोकळ्या कफाने किंवा काळ्या पित्ताने बुजल्यामुळे ती उद्भवते असे मानत. शाफहाउझेनचा शहरवैद्य योहान याकोब वेप्फरने अशा रोगाने मेलेल्यांच्या कवट्या उघडल्या, तेव्हा त्याला रोहिणीतून फुटून मेंदूत पसरलेले रक्त आढळले. १६५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने हा रक्तस्राव तर नोंदवलाच, शिवाय मेंदूकडे जाणारे रक्त वाटेत अडले तरीही तोच परिणाम होऊ शकेल असे म्हटले. आजचे वैद्यक पक्षाघाताचे जे दोन मुख्य प्रकार मानते, रोहिणी फुटणे आणि रोहिणी बंद होणे, त्यांचे बीज या ग्रंथात आहे, आणि वेप्फरचे नाव विलिसच्या तुलनेत इतके कमी घेतले जावे हे खेदजनक आहे.

विलिसचा ‘सेरेब्री अनाटोमे’ हा लॅटिन ग्रंथ १६६४ मध्ये लंडनमध्ये निघाला. त्यामागचे काम मात्र ऑक्सफर्डमधील एका लहानशा मंडळाचे होते. विच्छेदनाचा मोठा भार रिचर्ड लोअर या कुशल तरुणाने उचलला, आणि चित्रे काढण्यात पुढे सेंट पॉल्स कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी म्हणून प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टोफर रेनचा हात होता. विलिसने प्रस्तावनेत दोघांचेही ऋण मान्य केले आहे. त्या काळी मेंदू बहुधा कवटीतच ठेवून वरून थराथराने कापला जाई, त्यामुळे तळाशी पोचेपर्यंत तेथील रचना विस्कटलेली असे. या मंडळाने तळाच्या नसा व रोहिण्या कापत अखंड मेंदू बाहेर काढला आणि उलटा ठेवून पाहिला. रेनने काढलेल्या तळाच्या चित्रात कडे स्पष्ट, पूर्ण आणि सममित दिसते.

त्यानंतरचा प्रयोग साधा होता. एका बाजूच्या कॅरोटिड रोहिणीत शाईने रंगवलेला द्रव पिचकारीने सोडला असता तो मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांत पसरला. वाट एका ठिकाणी बंद झाली तरी कड्यामधून रक्त पलीकडे जाऊ शकते, हे यावरून उघड झाले. याला माणसाच्या देहातूनच दुजोरा मिळाला. पोटातील गाठीने मेलेल्या एका इसमाची कवटी उघडली तेव्हा उजवी कॅरोटिड रोहिणी आत दगडासारखी कठीण होऊन जवळजवळ बुजलेली आढळली, तर त्याच बाजूची व्हर्टिब्रल रोहिणी दुसऱ्या बाजूच्या तिप्पट जाड झालेली होती. हा माणूस अपोप्लेक्सीने आधीच कसा मेला नाही, या आश्चर्याचे उत्तर त्या फुगलेल्या रोहिणीत होते. शाईच्या प्रयोगाने जे शक्य दाखवले, ते एका जिवंत देहात प्रत्यक्ष घडून गेले होते, आणि विलिसच्या संपूर्ण युक्तिवादाचे बळ या दोन गोष्टी एकत्र ठेवण्यात आहे.

रेनच्या चित्रातील सममिती मात्र प्रत्येक माणसाच्या नशिबी नसते. पुढील शतकांतील विच्छेदनांत असे दिसून आले की अनेकांमध्ये एखादी जोडशाखा धाग्याइतकी बारीक असते किंवा मुळीच नसते, आणि त्यामुळे एकाच प्रकारचा अडथळा एका माणसाला कळतही नाही, तर दुसऱ्याचे अर्धे अंग लुळे करतो. शिवाय कड्याच्या पुढे मेंदूत खोल शिरणाऱ्या बारीक रोहिण्यांना असा पर्यायच नसतो. वाढलेल्या रक्तदाबाने होणारे पुष्कळसे रक्तस्राव त्यांच्यातूनच होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडोल्फ फिरखोने रक्ताची गुठळी एका जागी तयार होऊन प्रवाहाबरोबर दूरवर जाऊन अडकते हे दाखवले, आणि वेप्फरच्या तर्काला यंत्रणा मिळाली.

हे सर्व ज्ञान तोवर मृतांकडून मिळालेले होते. लिस्बनमध्ये एगाश मोनिश याने १९२७ साली कॅरोटिड रोहिणीत सोडियम आयोडाइडचे द्रावण सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्यांचे क्ष-किरण चित्र घेतले; आरंभीच्या प्रयत्नांत एका रुग्णाचा मृत्यू झाला होता, हेही त्या शोधाच्या हिशेबात धरले पाहिजे. तरीसुद्धा मानेकडे दुर्लक्ष होत राहिले, कारण शवविच्छेदनात मेंदू तपासला जाई, पण मानेतील रोहिण्या सहसा उघडल्या जात नसत. मिलर फिशरने माँट्रियलमध्ये त्या उघडून पाहिल्या आणि १९५१ मध्ये दाखवून दिले की पक्षाघाताचे मूळ अनेकदा मानेतील बुजलेल्या कॅरोटिड रोहिणीत असते, आणि मोठ्या झटक्यापूर्वी काही रुग्णांना एका डोळ्यापुढे थोडा वेळ अंधारी येण्यासारख्या सूचना मिळतात. असे अल्पकाळाचे झटके वारंवार येणाऱ्या एका स्त्रीवर १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी उपचार केले. मेंदूची रक्ताची गरज कमी व्हावी म्हणून तिचे शरीर थंड करण्यात आले, कॅरोटिड रोहिणीचा प्रवाह थांबवून तिचा अरुंद झालेला भाग कापून काढण्यात आला आणि मोकळी टोके एकमेकांना शिवण्यात आली. तेवढा वेळ मेंदूची भिस्त उरलेल्या तीन रोहिण्यांवर आणि त्यांना जोडणाऱ्या कड्यावर होती; ती स्त्री शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आली आणि तिचे झटके थांबले.