मीटर कुणाच्या नावावर? : ठाणे–कल्याण परिसरातील सबमीटरचा इतिहास

चाळ म्हटली की मराठी वाचकाला सार्वजनिक नळ आठवतो, सामाईक गॅलरी आठवते, सकाळची रांग आठवते. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) हे पुस्तक घराघरांत पोहोचल्यापासून तर चाळीचे हे चित्र आपल्या वाङ्मयीन स्मृतीत पक्के बसले आहे. जिन्याखाली, धुळीने माखलेल्या लाकडी फळीवर बसवलेला विजेचा मीटर मात्र या चित्रात क्वचितच दिसतो. त्याचे कारण उघड आहे, असे आम्हांस वाटते. नळावरचे भांडण चारचौघांत होते, त्याला संवाद असतात, प्रेक्षक असतात. मीटरवरचा वाद महिन्यातून एकदा, मालक आणि भाडेकरू या दोघांतच, वहीच्या एका पानावर होतो आणि तिथेच मिटतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या पानाकडे वळणार आहोत. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात भाडेकरूने विजेचे पैसे कसे दिले, कुणाच्या हाती दिले, आणि त्या देण्याची नोंद कुणाच्या नावावर झाली, हा आमचा प्रश्न आहे.

या परिसरात वीज आधी आली ती घरांसाठी नव्हे. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथे उभी राहिली, आणि त्यांची वीज सह्याद्रीच्या पायथ्यावरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली. पुढच्या चार-पाच वर्षांत कल्याणच्या पलीकडे घाटांपर्यंत लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि त्यासाठी जी.आय.पी. रेल्वेने ठाकुर्लीला, चोळे गावाजवळ, स्वतःचे वीजघर बांधले. ‘पॉवर हाऊस’ या नावाने ते डोंबिवली–कल्याणकरांच्या बोलण्यात कायम राहिले. १९८०च्या दशकात ते बंद पडले. कोळसा जाळून इथे निर्माण होणारी वीज गाड्या ओढण्यासाठी होती. घरगुती वीज ही निराळी गोष्ट होती. तिचा कायदा वेगळा, तिचे पुरवठादार वेगळे, आणि तिची गती पुष्कळच संथ.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली आले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. त्याच दशकात डोंबिवलीतही औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. कारखान्यांच्या पाठोपाठ कामगार आले आणि मुंबईत जागा न परवडणारा कारकूनवर्गही लोकलच्या आधाराने इकडे सरकला. त्यांना राहायला हव्या होत्या खोल्या, आणि त्या दिल्या गावातल्या जमीनमालकांनी. कौलारू वा पत्र्याची बैठी चाळ, ओळीने आठ-दहा खोल्या, शेवटी मालकाचे घर. अशा चाळीत विजेची जोडणी बहुधा एकच असे, आणि ती मालकाच्या नावावर असे.

कायद्याने असे असणे मुळीच आवश्यक नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९१०च्या भारतीय वीज कायद्याच्या परिशिष्टातच जागेचा ‘मालक किंवा भोगवटादार’ यांपैकी कुणीही वीज मागू शकतो, अशी भाषा होती. २००३च्या कायद्याच्या ४३व्या कलमातही तीच दोन नावे शेजारी शेजारी उभी आहेत. म्हणजे ज्याचा ताबा, त्याला वीज मागण्याचा हक्क, हे तत्त्व शतकभर जुने आहे. परंतु भिंत मालकाची, वायरिंग मालकाचे, मीटरची फळी ठोकायची जागाही मालकाची. ‘मालकाची हरकत नाही’ एवढे तीन शब्द मिळवताना भाडेकरूचा हक्क कागदावरच राही.

मग पैसे कसे ठरत? सर्वांत जुनी पद्धत ‘पॉइंट’मागे ठरावीक रकमेची. एक बल्ब असेल तर इतके, पंखा असेल तर इतके, रेडिओ लावला तर वर आणखी. या पद्धतीत मोजमाप नव्हते, त्यामुळे पहारा होता. इस्त्री लावायची नाही, विजेची शेगडी लावायची नाही, रात्री उशिरापर्यंत दिवा ठेवायचा नाही, असे नियम खोली देतानाच सांगितले जात. परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्या मुलाचा दिवा हा अशा घरात आईबापांच्या अभिमानाचा आणि मालकाच्या तक्रारीचा विषय एकाच वेळी असू शके. दुसरी पद्धत सबमीटरची. मालकाच्या मुख्य मीटरच्या पुढे प्रत्येक खोलीसाठी बाजारातून आणलेला छोटा मीटर बसवायचा, महिनाअखेरीस आकडे उतरवायचे, मागचा आकडा वजा करायचा आणि मालकाने ठरवलेल्या दराने गुणायचे.

इथे शब्दांकडे थोडे पाहावे. मराठीत दुय्यम गोष्टीला ‘पोट’ लावण्याची जुनी रीत आहे: पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू. सबमीटरला ‘पोटमीटर’ म्हणणे भाषेला सहज शक्य होते. पण लोकांनी ‘सबमीटर’च ठेवले. वीज हा शब्दही घरात फारसा वापरला गेला नाही. घरात ‘लाइट’ येते आणि ‘लाइट’ जाते. स्त्रीलिंगी, आणि काहीशी लहरी. मंडळाच्या कागदावर ‘देयक’ असते, घरात ‘लाइटबिल’ असते. देयकावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘सुरक्षा ठेव’ अशा शब्दांची शिस्तबद्ध रांग असते. मालकाच्या वहीत मात्र खोलीचा क्रमांक, दोन आकडे, त्यांची वजाबाकी आणि रक्कम एवढेच. एकाच विजेचे हे दोन मजकूर आहेत आणि त्यांच्यातले अंतर हाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

हे अंतर पैशांतही मोजता येते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात वापर वाढत जाईल तसा दर चढतो. पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा ३०० पर्यंत, तिसरा ५०० पर्यंत. समजा, एका चाळीतील पाच कुटुंबे महिन्याला प्रत्येकी ८० युनिटे वापरतात. प्रत्येकाचा मीटर वेगळा असेल तर सगळी ४०० युनिटे सर्वांत स्वस्त टप्प्यात मोजली जातील. तीच पाच कुटुंबे एका मीटरवर असतील तर १०० युनिटे पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्या टप्प्यात आणि १०० तिसऱ्या टप्प्यात जातील. कमी वापरणाऱ्याला सवलत मिळावी म्हणून रचलेली पायरी, कमी वापरणारे एकत्र बांधले गेल्यामुळेच त्यांच्यावर उलटते. स्थिर आकार पाचांऐवजी एकदाच भरावा लागतो, हा फायदा हिशेबात धरला पाहिजे. पण चढत्या दराचा भार त्याने फिटेलच असे नाही. आणि ज्याने ४० युनिटे जाळली आणि ज्याने १२० जाळली, त्या दोघांनाही मालकाचा दर बहुधा एकच असतो.

मालकाची बाजू सांगितल्यावाचून हा इतिहास एकांगी होईल. ठेव त्याने भरलेली असते, बिल थकले तर नाव त्याचे जाते, आणि एका भाडेकरूने पैसे दिले नाहीत तरी संपूर्ण चाळीचे बिल त्यालाच वेळेत भरावे लागते. जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, जुन्या तारांतून होणारी गळती यांची युनिटे कुठल्याच सबमीटरवर उमटत नाहीत. सबमीटरांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा कमीच भरते. ती तूट कुणाच्या खाती टाकायची? शिवाय १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली होती. भाडे वाढवता येत नाही तिथे युनिटचा दर थोडा चढा लावण्याचा मोह व्हावा, हे समजण्यासारखे आहे. ते न्याय्य होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या चढ्या दरात नफा किती आणि तूट किती, हे ओळखण्याचे साधन भाडेकरूपाशी नव्हते, कारण मूळ बिल त्याने कधी पाहिलेलेच नसे.

कायदा या व्यवहाराकडे दोन वेगळ्या खिडक्यांतून पाहत आला. भाडे कायद्याने मालकाचा हात धरला: १९४७च्या कायद्याचे २४वे कलम आणि त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चे २९वे कलम यांनुसार वीज ही अत्यावश्यक सेवा आहे आणि पुरेशा कारणावाचून मालकाला ती तोडता येत नाही. वीज कायद्याचा भर पुरवठादारावर: १९१०च्या कायद्यानुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी सात दिवसांची लेखी सूचना देणे बंधनकारक होते, २००३च्या कायद्याने ती मुदत पंधरा दिवस केली. पण ही सूचना जाते ग्राहकाला, आणि ग्राहक म्हणजे ज्याचे नाव देयकावर तो. खोलीचा फ्यूज काढून खिशात घालणाऱ्या मालकाविरुद्ध भाडेकरूला न्यायालयात जाता येत होते. मात्र तोपर्यंतच्या रात्री त्याला अंधारातच काढाव्या लागत. विजेच्या दराविषयी तर त्याने कुणाकडे दाद मागावी, याचे सरळ उत्तर नव्हते. नियामक आयोग मंडळाचा दर ठरवी. मालकाच्या वहीतला दर त्याच्यासमोर येतच नसे.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हान म्हणजे चाकांवरची घरे उभी करण्याच्या जागा असतात; अनेक कुटुंबे तिथे वर्षानुवर्षे राहतात. जागेचा मालक एकत्र वीज विकत घेतो आणि प्रत्येक घराला मोजून विकतो. हीच आपली चाळ, फक्त कौलांऐवजी चाके. तिथल्या नियामकाने जानेवारी २००३ पासून असा नियम लागू केला की, मधल्या माणसाने स्वतः ज्या दराने वीज घेतली त्याहून जास्त दर रहिवाशाकडून घेऊ नये. या नियमामागे एक साधी कबुली आहे: मधला माणूस अस्तित्वात आहे, आणि त्याच्या पलीकडे उभा असलेला माणूसही विजेचा ग्राहकच आहे. आपल्याकडे मधल्या माणसाकडे काणाडोळा करण्यात आला. परिणामी त्याच्या पलीकडचा माणूसही नजरेआड झाला.

नजरेआड होणे हा शब्दप्रयोग आम्ही विचारपूर्वक केला आहे. आपल्या नगरांत वीजबिल हे केवळ पैशांचे मागणीपत्र राहिलेले नाही. पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून ते चालते. झोपडपट्टी पुनर्वसनात अमुक तारखेपूर्वी आपण इथे राहत होतो हे सिद्ध करायचे तर जुनी वीजबिले बाहेर काढावी लागतात. ज्या कुटुंबाने वीस वर्षे सबमीटरवर पैसे भरले, त्याच्याजवळ एकही बिल नसते. त्याने जाळलेले प्रत्येक युनिट मोजले गेले, त्याचे पैसेही चुकते झाले, पण कागदोपत्री ते सगळे दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. मंडळाच्या खातेवहीत जिथे एक ग्राहक दिसतो तिथे दहा कुटुंबे राहत होती. ठाणे वा कल्याणच्या वाढीचा इतिहास कुणी वीजजोडण्यांच्या संख्येवरून लिहू गेला तर त्याच्या हातून हीच माणसे निसटतील.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र पालटले आहे. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. सदनिकांच्या इमारतींत प्रत्येकाचा मीटर स्वतंत्र झाला. मधला माणूसही नव्या रूपात आला: भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा–शीळ–कळवा भागात १ मार्च २०२० पासून वितरणाचे काम टोरंट पॉवर या फ्रँचायझी कंपनीकडे गेले. या व्यवस्थेवर पुष्कळ वाद झाले. पण इथे मधली कंपनी बिल वसूल करते तेव्हा ग्राहकाचे नाव पुसले जात नाही, हा फरक नोंदवला पाहिजे. ३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम जारी केले आणि नव्या जोडणीसाठी मुदती घालून दिल्या. फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीने नगरपालिका क्षेत्रातील मुदत पंधरा दिवसांवरून सात दिवसांवर आली. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे: गृहसंकुलाने सर्वांसाठी मिळून एकच जोडणी घ्यावी की प्रत्येकाने वेगळी, हे रहिवाशांनी मतदानाने ठरवायचे. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींतील रहिवाशाला हा प्रश्न आता विचारला जाऊ शकतो. शेजारच्या बैठ्या चाळीतल्या भाडेकरूला तो कधीच विचारला गेला नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन हेच. कादंबरीतली चाळ आपण वाचतो, तिची भाषा तपासतो, तिच्यातल्या माणसांचे वर्ग ओळखतो. त्याच चाळीची एक दुसरी लिखित परंपरा मालकांच्या वह्यांत होती: खोलीचा क्रमांक, आकडा, रक्कम, आणि कधी समासात ‘पुढच्या महिन्यात देतो’ अशी नोंद. चाळी पाडल्या जात आहेत आणि त्या वह्या रद्दीत जात आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. जुने कागद सांभाळण्याची परंपरा या गावांना आहे. तिच्या कपाटात अशा दहा-वीस वह्यांना जागा मिळाली, तर ज्यांच्या नावे एकही वीजबिल निघाले नाही त्यांच्या वास्तव्याचा तेवढा एक पुरावा तरी उरेल.