रस्त्यावरचे शुभवर्तमान आणि अनोळखी श्रोता

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनरी आणि मराठी वाङ्मय यांच्या संबंधाचा विचार आपल्या वाङ्मयेतिहासांत बहुधा तीन अंगांनी होतो : छापखाना, कोश-व्याकरणे आणि बायबलची भाषांतरे. ही तिन्ही कागदावर उरलेली कामे आहेत. परंतु मिशनऱ्याच्या दिवसाचा मोठा भाग ज्यात जाई ते काम कागदावरचे नव्हते. बाजारात, देवळाच्या आवारात, यात्रेत, धर्मशाळेच्या ओसरीवर उभे राहून, ज्यांची आपल्याशी कसलीही ओळख नाही अशा माणसांना शुभवर्तमान सांगणे, हे ते काम. त्याची संहिता मागे उरत नसल्याने वाङ्मयेतिहासकाराने ते धर्मप्रसाराच्या इतिहासाकडे सोपवले; आणि तेथे त्याची किंमत बाप्तिस्म्यांच्या संख्येवर ठरली. ती संख्या पहिल्या दीड-दोन दशकांत नगण्यच होती, म्हणून हे सारे बोलणे व्यर्थ गेले असे मानून पुढे जाण्याची सोयही झाली.

ते व्यर्थ गेले असे म्हणता येत नाही. मात्र त्याचे फळ ज्यांनी ते पेरले त्यांच्या पदरात पडले नाही. रस्त्यावरच्या उपदेशाने मराठीत एक नवी संबोधनस्थिती निर्माण केली. मराठीला सार्वजनिक वाणीची परंपरा नव्हती असे नाही. कीर्तन, पुराण, गोंधळ, भारूड, वासुदेवाची फेरी हे सारे लोकांसमोरचेच प्रकार. पण कीर्तनाला येणारा कशासाठी आलो हे जाणून येतो, आणि वासुदेव दारात आला की तो काय म्हणणार हे घराला ठाऊक असते. वक्ता आणि श्रोता यांच्यातील करार तेथे आधीच झालेला असतो. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) हेही या अर्थाने कराराच्या आतलेच काव्य : ते साष्टीच्या नवख्रिस्ती समाजासाठी, त्यांना परिचित अशा पुराणाच्या चौकटीत आणि ओवीत रचलेले आहे. बाजारात उभा राहिलेला पाद्री मात्र कराराशिवाय बोलतो. समोर कोण आहे हे त्याला माहीत नसते आणि हा आपल्याशी का बोलतो आहे हे समोरच्याला कळत नसते.

या स्थितीचा आरंभ मुंबईत १८१३ पासून मानता येईल. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. सरकारने त्यांना प्रथम परत धाडण्याचा हुकूम काढला. पुढे त्यांना राहू देण्यात आले. हॉलने मराठी शिकून घेतली आणि शहराच्या रस्त्यांवर, देवळांभोवती, पुढे कोकण आणि घाटावरच्या दौऱ्यांत तो बोलत राहिला. २० मार्च १८२६ रोजी नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना दोडी धापूर येथे पटकीने त्याचा अंत झाला. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला. हॉलची बाजारातली मराठी कशी होती हे सांगणारे त्या नव्या कराराइतके भक्कम साधन उपलब्ध नाही. आहेत ते बॉस्टनला धाडलेले अहवाल आणि पत्रे, आणि ती इंग्रजीत आहेत.

या अहवालांचा साधन म्हणून उपयोग करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ते मिशनला पैसा पुरवणाऱ्या दूरच्या वाचकासाठी लिहिलेले असत, आणि त्या वाचकाला रस्त्यावरच्या श्रोत्याचे काही ठरीव नमुने हवे असत : उपहास करणारा ब्राह्मण, गंभीरपणे ऐकणारा शेतकरी, पुस्तक मागून नेणारा मुलगा. म्हणजे श्रोता येथे पात्र झालेला आहे. त्याची मराठी इंग्रजीत, तीही उपदेशकाच्या इंग्रजीत, वितळलेली आहे. तो काय म्हणाला यापेक्षा त्याच्या म्हणण्याला काय उत्तर दिले हे लिहिणाऱ्याला महत्त्वाचे वाटते. तरीही या लेखनात एक गोष्ट लपत नाही. श्रोता मध्येच बोलतो. एकट्या उपदेशकाच्या अखंड भाषणाची वर्णने थोडी, अडवल्या गेलेल्या भाषणाची पुष्कळ.

अडवणूक नेहमी द्वेषातूनच होई असे समजण्याचे कारण नाही. ती भाषेतच दडलेली होती. अनोळखी माणसाला हाक मारण्यासाठी मराठीत तटस्थ शब्द नाही. ‘अरे’ की ‘अहो’, ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवायचे तर वय, जात, पेशा पाहावा लागतो. आणि पाद्र्याच्या सिद्धांतानुसार तर सारे सारखेच पापी. मिश्र जमावाला उद्देशून एकच सर्वनाम वापरणे ही त्या काळी केवळ व्याकरणाची बाब नव्हती. शब्दांचेही तसेच. ‘नवा जन्म’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा उभा राहणार. ‘तारण’ म्हणजे उद्धार हे प्रवचनात ठीक. पण बाजारात तारण म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे ठेवलेली वस्तू. ‘देवाचा पुत्र’ म्हणावे तर ऐकणाऱ्याला देवांचे पुत्र पुष्कळ माहीत. उलट ‘शुभवर्तमान’ हा शब्द मात्र रस्त्याला मानवणारा होता. वर्तमान म्हणजे वार्ता. वार्ता रस्त्यावरच सांगितली जाते, आणि ती खरी की खोटी असे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला असतो. धर्मसत्याला ‘वर्तमान’ म्हणताच ते तपासणीच्या कक्षेत आले. मिशनऱ्यांना हे अभिप्रेत नसावे.

या तपासणीची दोन रूपे १८३० नंतर दिसतात. एक शास्त्र्यांचे. १८३१ मध्ये जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांचा मुंबईत जाहीर वाद झाला, त्याच वर्षी मोरभटांचे ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ प्रसिद्ध झाले आणि १८३२ मध्ये विल्सन यांनी त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले. रस्त्यावरचा प्रश्न येथे पंडितांच्या सभेत आणि तेथून छापखान्यात गेला. खंडनमंडनाचा हा मार्ग वाङ्मयेतिहासाला परिचित आहे, म्हणून त्याची नोंदही पुष्कळ झाली आहे.

दुसरे रूप अधिक महत्त्वाचे, आणि ते दीर्घकाळ अंधारात राहिले. जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात जोशाने नाडलेल्या कुणबी जोडप्याची गाठ पाद्र्याशी पडते. बाजारातल्या उपदेशाचा हा नेहमीचा प्रसंग. मिशनच्या अहवालात तो असता तर त्याचा शेवट कुणब्याच्या डोळ्यांतल्या पाण्याने झाला असता. फुल्यांच्या नाटकात कुणबी पाद्र्याशी दगडाच्या देवावरून हुज्जत घालतो, ऐकतो, पटेल तेवढे घेतो, आणि अखेरीस पतिपत्नी निघतात ती रात्रीच्या शाळेकडे, चर्चकडे नव्हे. शेजारी विदूषक उभा आहे, तो सर्वांवर बोलतो. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या लेखकाने पाद्र्याचे ऋण मान्य करूनही श्रोत्याचा निर्णय श्रोत्याच्या हाती ठेवला. स्वीकार आणि नकार यांच्यामधली ही तिसरी शक्यता मिशनच्या कागदपत्रांना दिसूच शकत नव्हती, कारण त्यांच्या हिशेबात तिला रकाना नव्हता. दक्षिणा प्राइझ कमिटीलाही ती दिसली नाही. कमिटीने नाटक नाकारले आणि ते छापले गेले १९७९ मध्ये.

दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर या वाणीचा सर्वांत मोठा प्रयोग झाला. विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णु भिकाजी गोखले (१८२५–१८७१), जकात खात्यातली नोकरी सोडून, सप्तशृंगीवर तप करून मुंबईस आलेले. १५ जानेवारीपासून २८ मेपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांचा मिशनऱ्यांशी वाद चाले. समोर मुख्यतः जॉर्ज बोवेन. पगार सोडून बाजारवस्तीत अगदी थोडक्यात राहणारा हा अमेरिकन उपदेशकही एक प्रकारचा गोसावीच होता. दोन्ही पक्षांचे वक्ते निःसंग असावेत हा योगायोग श्रोत्यांच्या दृष्टीने लहान नव्हता. स्थळाचीही निवड बोलकी आहे. किनारा देवळाचा नव्हे, चर्चचा नव्हे, कोणाच्या वाड्याचा नव्हे. तेथे कोणी कोणाचा पाहुणा नसतो. रस्त्यावर पाद्री बोले आणि श्रोता अडवी. किनाऱ्यावर अडवणाराच वक्ता झाला आणि श्रोता म्हणून तिसराच, दोघांनाही अनोळखी असा समुदाय उभा राहिला. वादी आता प्रतिवाद्याशी बोलत नाहीत. प्रतिवाद्याकडे तोंड करून ते या तिसऱ्याशी बोलतात. पुढच्या काळातील मराठी वक्तृत्वाची आणि वृत्तपत्री निबंधाची मांडणी हीच आहे.

या वादाच्या दोन संहिता उपलब्ध आहेत. बोवेनचे इंग्रजी वृत्त त्याच वर्षी ग्रंथरूप झाले. विष्णुबुवांच्या बाजूचा ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये आला. दोहोंत कोण जिंकले हा प्रश्न अभ्यासकांनी पुष्कळ चघळला आहे, आणि तो निष्फळ आहे. दोन्ही पुस्तके आपापल्या वाचकाला आपला विजय सांगतात; दोघांचे वाचक एकाच किनाऱ्यावर उभे नव्हते. दोन्हींत मिळून जे हरवते ते जमावाचे बोलणे. त्याला नावे नाहीत. वर्षभर आधीपर्यंत जो रस्त्यावर प्रश्न विचारत होता तो येथे प्रतिनिधी मिळताच गप्प झाला, की त्याचे बोलणे टिपून ठेवण्याची कोणालाच गरज वाटली नाही, हा या संहितांपुढचा खरा प्रश्न आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी याच वर्षीची. तीत शुभवर्तमानाकडे वळलेले जोडपे प्रवासाला निघते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती त्यांच्या कानी येतात. उपदेशाचा हेतू कायम असूनही कादंबरीच्या घाटाने प्रवाशांना ऐकणे भाग पाडले. बाजारातल्या पाद्र्याला हे क्वचितच साधले असेल.

मिशनला ही अडचण कळत होती. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले ते तिच्यावरचा तोडगा म्हणून पाहता येते. नमन, पूर्वरंगातले निरूपण, उत्तररंगातले आख्यान, वीणा आणि टाळ-मृदंग : सारा परिचित करार परत आला. गर्दीही जमली. ख्रिस्ती धर्म ‘देशी’ झाल्याची खूण म्हणून या प्रयोगाचे जे कौतुक होते ते योग्यच आहे. पण कीर्तनात श्रोता मध्येच उठून प्रश्न विचारीत नाही. तो डोलतो, नामघोषात साथ देतो, घरी जातो. रस्त्यावरच्या भाषणाला कधी न लाभलेली शांतता कीर्तनाने मिळवली, आणि तिच्या बदल्यात प्रश्न गमावला. अनोळखी श्रोता येथे पुन्हा ओळखीचा झाला. घाट उसना घेतला की त्याचा संकेतव्यूहही बरोबर येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत थोडे.

१८९३ मध्ये नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला जात असता डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी कवितेवर, धर्मावर बोलणे केले आणि नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ऐंशी वर्षांच्या बाजारातल्या भाषणांना जे क्वचित साधले ते येथे जमाव नसलेल्या, वाद नसलेल्या, स्टेशन येईपर्यंतच्या गप्पांत घडले. पण या प्रसंगाची दुसरी बाजू वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तो पोहोचला तो मिशनच्या अहवालातून नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या ग्रंथातून बहुसंख्य मराठी वाचकांना तो माहीत आहे. म्हणजे ऐकणाऱ्याच्या घरातून, आणि त्या घरातही ज्या व्यक्तीला त्या भेटीची किंमत सर्वांत आधी मोजावी लागली तिच्या लेखणीतून. शंभर वर्षे श्रोत्यांची नावे उपदेशकांच्या कागदांत गळत गेली होती. या एका ठिकाणी श्रोत्याचे नाव, गाव, संसार, कर्ज, रुसवे-फुगवे सारे तपशिलाने आहे. आणि गाडीतल्या त्या उपदेशकाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही.