वऱ्हाड आणि एक विशेषण

आमच्या गारखेड्याहून क्रांती चौक फार लांब नाही. तेथील वाहनांच्या वर्दळीत त्या जागेचे जुने नाव, काळा चबुतरा, आता फारसे कोणाच्या ओठी येत नाही. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतील घोडदळ बिथरले, पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज चालून आली आणि धरलेल्या शिपायांना देहदंड झाला. आपल्याला निझामाच्या मुलुखाबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास लावणार, अशी आवई त्या शिपायांत उठली होती. आपण निझामाचे चाकर, निझामाच्या हद्दीबाहेर आपला संबंध काय, ही त्यांची समजूत. ती समजूत खुळी होती असे आम्हांस वाटत नाही. ज्या फौजेत ते चाकरीस होते तिचे इंग्रजी नावच असे होते की, धनी कोण हे त्यावरून उमगू नये.

ते नाव ‘हैदराबाद कंटिंजंट’. त्याआधी याच फौजेला निझामाची फौज म्हणत. ‘निझामाची’ म्हटले की षष्ठी विभक्ती आली, मालक ठरला. ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हटले की दोन नामे शेजारी उभी राहिली आणि त्यांतील नाते गळाले. इंग्रजीत एका नामापुढे दुसरे नाम ठेवले की काम भागते. मराठीत मात्र आपणांस विभक्तीचा प्रत्यय लावावा लागतो आणि प्रत्यय लावला की उत्तर द्यावे लागते: हैदराबादची फौज, हैदराबादेतील फौज, की हैदराबादसाठी ठेवलेली फौज? समास आपल्याकडेही आहेत, पण आपले पंतोजी त्यांचा विग्रह करावयास लावीत. या समासाचा विग्रह कोणी केला नाही. पगार निझामाच्या तिजोरीतून, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा.

या फौजेची कुळकथा थोडक्यात सांगतो. १ सप्टेंबर १७९८ रोजी निझामाने वेलस्लीची तैनाती फौज पत्करली. १८०० मध्ये तिच्या खर्चापोटी म्हैसूरकडून मिळालेला दक्षिणेकडील मुलूख त्याने कायमचा तोडून दिला. एवढ्याने हिशेब मिटावयास हवा होता. परंतु युद्धप्रसंगी निझामाने स्वतःचीही फौज द्यावी, असे तहात कलम होते. तिला शिस्त लावण्याच्या निमित्ताने रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निराळी पलटण उभी राहिली आणि शांततेच्या काळातही ती कायम राहिली. पगार थकले, कंपनीने उसने दिले, व्याज चढले. ज्या फौजेवर आपला हुकूम चालत नाही तिच्या पायी निझाम कर्जबाजारी झाला.

१८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने वसुली काढली. त्यास वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हा मुलूख कायमचा हवा होता. नवाब नासिरुद्दौला कर्ज नाकारीत नव्हता. मात्र ‘कायमचा’ या शब्दाला त्याचा सक्त विरोध होता. कर्नल लो याने तोड काढली: तो शब्द गाळावा, मुलूख केवळ फौजेच्या खर्चासाठी लावून द्यावा. २१ मे रोजी तह झाला. दिवाण सिराजुल्मुल्क त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. कागदावर आलेला इंग्रजी शब्द होता ‘असाइन्ड’, आणि त्या मुलुखाचे नाव पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. १८०० मध्ये तोडून दिलेला मुलूख ‘सीडेड डिस्ट्रिक्ट्स’ होता. हा तसा नव्हे. त्या पहिल्या मुलुखातील लोकांस ते नाव इतके खुपले की, १९२८ मध्ये नंद्याळच्या परिषदेत त्यांनी ते टाकून ‘रायलसीमा’ हे नाव घेतले.

आमच्या धर्मग्रामातील शेतकरी बांधवांना हा भेद आम्ही समजावून सांगावा असे नाही. जमीन खरेदीखताने गेली, गहाण पडली, बटाईने दिली की मक्त्याने लावली, यांतील अंतर त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. वऱ्हाडही असेच एकेक पायरी घसरले. १८५३ मध्ये ‘असाइन्ड’. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले; वऱ्हाड मात्र ‘विश्वस्त’ या नात्याने इंग्रजांकडेच राहिले. पहिल्या सालारजंगाने ते सोडविण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. १८७६ मध्ये तो विलायतेसही जाऊन आला. हाती काही लागले नाही. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपये खंडाने ते ‘कायमच्या पट्ट्याने’ घेतले. जो शब्द गाळला म्हणून नासिरुद्दौल्याने सही केली, तोच शब्द ४९ वर्षांनी मागील दाराने आत आला. वऱ्हाडचे सार्वभौमत्व मात्र अखेरपर्यंत निझामाचे! इंग्रजांनी ते कधी नाकारले नाही. नाकारण्याचे कारणच उरले नव्हते.

त्या व्यवहारात महबूब अली खान यास ‘जी. सी. बी.’ हा किताब मिळाला. लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला: ‘गेव्ह कर्झन बेरार’. समासाचा विग्रह करणारे कोणीतरी शेवटी निघाले म्हणावयाचे. पुढे किताब वाढतच गेले. १९१८ मध्ये उस्मान अली खान ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ आणि ब्रिटिश सरकारचा ‘विश्वासू दोस्त’ झाला. १९३६ च्या करारानंतर तो ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निझाम’ म्हणविला जाऊ लागला आणि त्याचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’. कारभार मध्य प्रांताकडे, नाव राजपुत्राकडे.

शुभवर्तमानाच्या वाचकांना यात नवल वाटू नये. हेरोद अंतिपास हा ‘चौथाईचा’ अधिपती होता, राजा नव्हे. ‘राजा’ ही पदवी मागण्यासाठी तो इ. स. ३९ मध्ये रोमला गेला आणि होते तेही गमावून हद्दपार झाला. आणि योहानाच्या शुभवर्तमानात पिलाताला अखेर जे भय घातले गेले ते तलवारीचे नव्हते. तो ‘कैसराचा मित्र’ उरणार नाही, एवढेच. मित्र हा शब्द किती जड असू शकतो! हैदराबादचा ‘विश्वासू दोस्त’ आम्हांस त्याच जातकुळीचा वाटतो.

दुसऱ्याच्या घराविषयी लिहिताना आपले घर झाकून ठेवणे बरे नव्हे. हिंदुस्थानातील आपल्या धर्मसभेतही शब्दांची अशीच उतरंड होती. पोर्तुगालच्या राजाचा तो ‘पाद्रोआदो’. अर्थ पाहिला तर आश्रयदातृत्व, व्यवहारात बिशप नेमण्यातला हात. रोमने त्याला वळसा घालण्यासाठी ‘व्हिकर अपॉस्टोलिक’ पाठविले. व्हिकर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. तो बिशप खरा, परंतु पोपच्या नावाने. मुंबईत १७२० मध्ये इंग्रजांनी पाद्रोआदोच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना दूर करून कार्मेलाईट व्हिकर आणविला, आणि १७९४ पासून १९२८ पर्यंत त्या एका शहरात दोन अधिकारकक्षा नांदल्या; नांदल्या म्हणण्यापेक्षा भांडल्या म्हणणे अधिक खरे. १९२८ च्या समझोत्याने तेथे एक पोर्तुगीज, एक ब्रिटिश अशी आर्चबिशपांची पाळी ठरली. १९५० मध्ये ती संपून व्हॅलेरियन ग्रेशस त्या पीठावर आले.

सर्व इंग्रजी शब्दांचा मुकुटमणी म्हणजे ‘पॅरामाउंट्सी’. वऱ्हाडच्या मागणीवरून उस्मान अली खान बरोबरीच्या नात्याने बोलू लागताच, मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्यास बजावले की ब्रिटिश मुकुटाशी बरोबरीने वाटाघाट करण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकास नाही. मग संस्थानिकांनी विचारले की या सत्तेची हद्द तरी सांगा. १९२९ मध्ये बटलर समितीने सांगितले ते इतकेच की, श्रेष्ठ सत्ता ही श्रेष्ठच राहिली पाहिजे. ही व्याख्या नव्हे, व्याख्येस नकार आहे. मराठीत आपण तिला ‘सार्वभौम सत्ता’ म्हणतो, ‘अधिसत्ता’ म्हणतो, आणि ‘सुझरन्टी’, ‘सॉव्हरिन्टी’ यांनाही जवळजवळ तेच शब्द वापरतो. त्यामुळे आमच्या पाठ्यपुस्तकांत या साऱ्या पायऱ्या सपाट झाल्या आहेत.

१९४७ च्या कायद्याने ही सत्ता ‘लॅप्स’ झाली. डलहौसीने याच शब्दाने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केले होते. आता त्याच शब्दावर बोट ठेवून निझाम आपण स्वतंत्र झाल्याचे सांगू लागला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे करार’ झाला, रझाकारांचे अत्याचार वाढत गेले, आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. औरंगाबादच्या बाजूने मेजर जनरल डी. एस. ब्रार यांची फौज आली. १७ सप्टेंबरला सारे संपले. लष्कराने आखलेल्या आणि लष्करानेच पार पाडलेल्या या मोहिमेला नाव मिळाले ‘पोलीस ॲक्शन’. पोलीस आपल्याच गावात जातात, परमुलुखात नव्हे. हैदराबाद परके राज्य नाही, हा सारा दावा त्या दोन शब्दांत बसविलेला होता. दावा आम्हांस मान्य आहे. मराठवाडा मुक्त झाला याचा आनंदही इतरांइतकाच आहे. पण या शब्दांनी आणखी एक गोष्ट झाकली गेली. त्या दिवसांत आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि मृतांचा आकडा २७ ते ४० हजार धरला. धाराशिव आणि नांदेड त्यात अधिक पोळले होते. तो अहवाल सर्वसामान्य अभ्यासकांस २०१३ मध्ये पाहावयास मिळाला.

आमच्याकडील वृद्ध मंडळी जुनी गोष्ट सांगताना सालाऐवजी ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असेच म्हणत आली. रझाकारांना भिऊन घर सोडलेले म्हणत, आणि त्यानंतर घर गमावलेलेही हाच शब्द वापरीत.