देव्हाऱ्यातलं लेबल

आमच्या गावच्या घरी देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे, लक्ष्मीचं पोस्टकार्डाएवढं एक चित्र आहे. सोनेरी किनार, कोपरे कसरीने खाल्लेले. गेल्या दिवाळीत देव घासताना मी ते हातात घेतलं. फोटो काढून झूम केला, तर कुंकवाच्या थराखाली इंग्रजी अक्षरं दिसली: मँचेस्टर.

म्हणजे ती तसबीर नव्हतीच. कापडाच्या ताक्यावरचं लेबल होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टरहून मुंबई बंदरात उतरणाऱ्या ताक्यांवर व्यापारी असली रंगीत लेबलं चिकटवायचे. शिळाछपाईची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चित्रं मात्र आपल्या गिऱ्हाइकाच्या ओळखीची: लक्ष्मी, कृष्ण, वाघ, हत्ती. कारण साधं. धोतरजोडी घेणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी सोडाच, कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. माणूस दुकानात जाऊन 'अमुक छाप द्या' म्हणायचा. मी पोटासाठी ॲप बनवतो. तुम्हीही फोनवर नाव कुठे वाचता? आयकॉन बघून अंगठा टेकवता. तेच हे.

या चित्रांची किंमत एका खटल्यात कळते. स्कॉटलंडच्या ऑर-युइंग कंपनीचं लाल सूत लेबलावरच्या दोन हत्तींमुळे मुंबईच्या बाजारात 'बे हाथी' म्हणून ओळखलं जाई. जॉन्स्टन कंपनीने आपल्या सुतावर दोन हत्तींचंच लेबल लावलं. बाकी लेबल वेगळं, कंपनीचं नावही वेगळं. तरी १८८२ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑर-युइंगच्या बाजूने निकाल दिला. ज्याला नाव वाचता येत नाही, तो हत्तीच बघणार ना! एवढे मोठे लॉर्ड आणि विषय काय, तर हत्ती किती.

हिंदुस्थानात ट्रेडमार्क नोंदवायचा कायदा यायला १९४० उजाडलं. त्याआधी १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने एवढं केलं होतं, की ताक्याची लांबी वारांमध्ये त्यावर छापायची. तीही इंग्रजी आकड्यांत.

मग स्वदेशी आली. ३१ जुलै १९२१ ला परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. खादीला इतका मान आला, की गिरणीचं कापडही खादी म्हणून खपवलं जाऊ लागलं. शेवटी १९३४ मध्ये 'खादी' आणि 'खद्दर' ही नावं कायद्याने राखावी लागली.

माझे पणजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते. मुंबईच्या गिरण्या ज्या मँचेस्टरशी झुंजत होत्या, त्याचंच लेबल त्यांच्या देव्हाऱ्यात! आजीला सांगावं की नाही, दोन दिवस ठरेना. साठ वर्षं ती त्याला रोज कुंकू लावतेय. शेवटी फोन तिच्यापुढे धरला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मामंजींच्या धोतरजोडीवर होतं. धोतर विरलं, त्याची दुपटी झाली. तुझ्या आजोबांना त्यातच गुंडाळायच्या. चित्र सासूबाईंनी पाण्याने भिजवून सोडवलं. लक्ष्मी काय उकिरड्यावर टाकायची?"

"अगं, पण ते इंग्रजांचं..."

"धोतर त्यांचं होतं," आजी म्हणाली. "आण इकडे ते. आणि कुंकू कोणी खरवडलं रे, तू?"