वाकळ, गोधडी आणि शिवणाचे यंत्र



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे, असे बैठकीत ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेले वर्षभर आपल्या मंडळात ज्या मोठ्या गोधडीवरून इतकी चर्चा झाली, त्या गोधडीच्या निमित्ताने मी काही वाचले, काही वडीलधाऱ्यांना विचारले आणि काही हातांनी शिकले. तेवढेच येथे मांडते.

वाकळ ही आपल्या घरातली इतकी जुनी वस्तू आहे की तिलाही इतिहास असेल, असे कोणाच्या मनात येत नाही. संस्कृतात तिला कंथा म्हणतात. बंगालात त्याच शब्दाचा काथा झाला. बिहारात सुजनी, सिंध-कच्छाकडे रल्ली आणि कर्नाटकातल्या सिद्दी लोकांत कवंदी, अशी तिच्या बहिणींची नावे आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालच्या सातगावाकडून भरतकामाच्या रजया पोर्तुगीज व्यापारी जहाजांतून युरोपात नेत असत. म्हणजे ज्या धावदोऱ्याला आपण अडाण्याचे काम समजतो, तो राजवाड्यांतही जाऊन आला आहे. मात्र आपली वऱ्हाडी वाकळ राजवाड्यात गेली नाही. ती बाळंतिणीच्या खाटेवर, सोंगणीच्या दिवसांत शेतावर आणि पंढरीच्या वाटेवर राहिली.

आपल्या अमरावती जिल्ह्याने तर तिला संताच्या अंगावर पाहिले. 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर 1905 मध्ये घर सोडून निघाले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. लोक त्यांना कोठे गोधडेबुवा म्हणत, कोठे चिंधेबुवा म्हणत, आणि शेवटी गाडगेबाबा हे नाव सर्वत्र झाले. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ त्यांचा देह पडला. धर्मशाळा, शाळा, सदावर्ते यांसाठी लोकांनी त्यांच्याकडे एवढा पैसा आणून दिला, तरी अंगावरची चिंधी त्यांनी सोडली नाही. फाटलेले फेकायचे नाही, जोडायचे, हा धडा आपल्या आजी-पणजींनी पुस्तकातून घेतलेला नव्हता. पण त्या धड्याला मान मिळाला तो या महापुरुषामुळे, असे मला वाटते.

आता कापसाकडे वळू. वाकळीचा इतिहास आपल्याकडे कापसापासून वेगळा करता येत नाही. 1853 मध्ये निजामाकडून फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. अकोला, बडनेरा करीत आगगाडी 1867 मध्ये नागपुरास पोचली. 1870 मध्ये खामगावला फाटा गेला. गाठी बांधण्याचे आणि सरकी काढण्याचे कारखाने निघाले. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस आपल्या शेतातला, कापड मात्र बरेचसे विलायतेहून परत येणारे, असा तो काळ होता. गिरणीचे कापड स्वस्त झाले, घरात लुगडी-धोतरे थोडी वाढली, आणि जुनी झाली की त्यांचीच वाकळ होऊ लागली. नऊवारी लुगडे मऊ पडले म्हणजे त्याचे अस्तर, धोतराचे थर आणि वर रंगीत तुकडे. ज्यांना परवडे ते पिंजाऱ्याला बोलावून धुनकीने कापूस पिंजून घेत आणि दुलई भरवीत. बाकीच्यांची ऊब जुन्या लुगड्यांच्या थरांतच होती.

आता यंत्राची गोष्ट. फ्रान्समधील थिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 मध्ये शिवणाच्या यंत्राचा हक्क नोंदविला. दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यावर चाल करून यंत्रे मोडून टाकली. आपली पोटे मारली जातील, अशी त्यांना भीती होती. पुढे अमेरिकेत 1846 मध्ये हाऊ याने टोकाशी भोक असलेली सुई आणि खालचा धोटा यांची जोड बसविली. 1851 मध्ये सिंगरने आपले यंत्र आणले, आणि थोड्याच वर्षांत हप्त्याने विकावयास सुरुवात केली. त्यामुळे ते साध्या घरांतही शिरले. पण माझ्या मते या सर्वांत आपल्या विषयाला महत्त्वाचा माणूस म्हणजे विल्सन. सुईखाली जे लहान दाते असतात, जे वर येतात, कापड पुढे ढकलतात, खाली जातात आणि मागे येतात, ती चार चालींची युक्ती त्याने 1854 मध्ये काढली. त्या दात्यांमुळेच मशीन सरळ रेघेत आपोआप शिवते. आणि मोकळ्या हाताने गोधडी शिवायची तर पहिले काम म्हणजे तेच दाते बाजूला सारणे! ज्या युक्तीने यंत्र सुधारले तीच थोडा वेळ विसरावी लागते, ही मोठी मौज आहे.

हिंदुस्थानात सिंगरची यंत्रे 1870 नंतरच्या दशकांत विकली जाऊ लागली. 1930 नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' हे देशी यंत्र काढले. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असे आपण ऐकतो. पण 1924 मध्ये 'यंग इंडिया'त छापल्या गेलेल्या एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला स्पष्ट अपवाद केला होता. ज्या यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात पण त्याचे हात निकामी होत नाहीत, ते त्यांना नको नव्हते. बायकांच्या बाबतीत तर या यंत्राने दारच उघडले. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचे काम सुरू झाले, तेथे शिवणाचे वर्ग चालत. स्वातंत्र्यानंतर 1953 मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि गावोगावच्या महिला मंडळांना मदत मिळू लागली. महिला मंडळ म्हटले की एक सतरंजी, एक बालवाडी आणि दोन शिवणयंत्रे, हे चित्र सगळीकडे दिसू लागले ते तेव्हापासून. आपले मंडळही त्याच परंपरेतले.

परंतु या वर्गांत पोलके, परकर, झबली शिकवीत. गोधडी कोणी शिकवीत नसे. ती हाताची, घरची, फुकटची. मशीनवर फार तर कडा मारायच्या. मशीनने वेलबुट्टी भरण्याची कला मात्र जुनी आहे. सिंगर कंपनीने 1911 मध्ये त्याचे पुस्तकच काढले होते. रिंगमध्ये कापड ताणायचे, दाते दाबायचे आणि कापड हाताने फिरवायचे. त्याच कलेची मोठी बहीण म्हणजे ही मोकळ्या हाताची गोधडी.

आम्ही तिघीचौघींनी ही रीत मंडळाच्या पायमशीनवर शिकून घेतली, ती ज्यांना करावयाची असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, मशीन पायाची किंवा मोटारीची हवी. हातमशीनवर एक हात चाक फिरविण्यात गुंततो, आणि येथे तर दोन्ही हात कापडावर हवेत. दुसरी गोष्ट, दाते. काही मशिनींत ते खाली करण्याची कळ असते. नसेल तर दात्यांवर पत्र्याची झाकणी बसवितात. नेहमीचा फूट काढून त्या जागी रफूचा स्प्रिंगवाला फूट लावावा. सुई वर गेली की तो उचलला जातो, खाली आली की कापड दाबतो. फुटाचा दांडा मात्र खाली केलाच पाहिजे; तो वर राहिला तर वरच्या दोऱ्याला ताण येत नाही आणि खाली नुसते जाळे होते. थर जाड म्हणून सुई सोळा नंबरची चांगली.

आता टाका. नेहमीच्या शिवणात टाक्याची लांबी मशीन ठरविते. येथे ती आपणच ठरवितो. पाय जलद आणि हात सावकाश, तर टाके बारीक; पाय सावकाश आणि हात जलद, तर लांब. जात्यावर बसलेल्या बाईचा हात आणि ओवी जशी एका लयीत चालते, तसे पाय आणि हात चालले की टाका आपोआप सारखा पडतो. हे सांगून येत नाही. आम्ही रोज अर्धा तास जुन्या मांजरपाटाच्या दोन तुकड्यांत कापूस घालून नुसत्या नागमोडी रेघा मारल्या. एकही रेघ दुसरीला कापू द्यायची नाही, हा नियम. पंधरा-वीस दिवसांनी हात वळला. मग पाने, कैऱ्या, शेवटी रांगोळीतली वेल. ज्यांच्या हातात रांगोळी होती त्यांना हे लवकर आले, हे नमूद करण्यासारखे आहे.

मोठ्या गोधडीची खरी कठीण बाब तिचे आकारमान. आपली गोधडी 90 इंच रुंद आणि 100 इंच लांब. मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत जागा वीतभर. तेवढ्या वीतभर खिडकीतून सारी गोधडी जाऊन यावयाची! त्यासाठी अस्तर, कापूस आणि वरचे तुकडे जमिनीवर ताणून अंथरले आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घातले. मग उजवीकडचा भाग गुंडाळी करून खांबाच्या आत घेतला. मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबले लावली, कारण गोधडी खाली लोंबली की तिचे वजन सुईला ओढते. सुरुवात मधून केली आणि कडेकडे सरकत गेलो, म्हणजे चुण्या बाहेर निघून जातात.

येथेच जुन्या आणि नव्या रीतीतला भेद मला दिसला. माझ्या सासूबाई वाकळ काठाकडून सुरू करतात आणि फेऱ्या घेत मध्यावर येऊन संपवितात. हाताला घाई नसते, प्रत्येक चुणी बोटाने सरळ करता येते, म्हणून ते जमते. मशीनला मधून बाहेर जावे लागते. एकीचा शेवट ती दुसरीची सुरुवात.

मंडळात वाद झाला तो यावरूनच. मशीनची ती गोधडी नव्हेच, ती बाजारी रजई, असे काही ज्येष्ठ भगिनींचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. हाताच्या वाकळीत टाके सैल बसतात, ती धुतल्यावर अधिक मऊ होते. मशीनची ताठ राहते. शिवाय हाताची वाकळ चौघी चार बाजूंना बसून शिवतात, गप्पा होतात, मनातले दुःख बाहेर येते. मशीनवर एकटीने बसावे लागते. असाच वाद अमेरिकेतही झाला, हे वाचून मला नवल वाटले. तिकडेही मशीनच्या गोधडीला पुष्कळ वर्षे हलकी मानीत. 1989 मध्ये केंटकी प्रांतातील पडूका गावच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या मशीनने शिवलेल्या गोधडीला पहिले बक्षीस मिळाले, तेव्हा त्यावरून बरीच बोलाचाली झाली. मग हळूहळू दोन्ही रीतींना आपापली जागा मिळाली.

आमच्याकडे निकाल लावला तो सासूबाईंनी. वादाच्या दिवशी त्या शेवटी म्हणाल्या, "मशीननं शिवली त का झालं? ऊब त कापसाचीच हाये ना! पन बोटाले सुई धरता येनं इसरू नोका."

या दोन वाक्यांत मला दोन्ही गोष्टी सापडतात. आपल्या ज्येष्ठ भगिनींची नजर आता मंदावली, मनगटे दुखतात. एक मोठी वाकळ हाताने शिवावयाची तर महिने जातात, आणि विकायला गेलो तर त्या महिन्यांची मजुरी कोणी देत नाही. मशीनवर तेच काम काही दिवसांत होते आणि गरजू भगिनीच्या हातात चार पैसे पडतात. हे नाकारून चालणार नाही. पण दुसरी बाजूही आहे. सुती लुगडी घरांतून जवळजवळ गेली. पेट्यांत आहेत त्या घसरट, न शोषणाऱ्या साड्या. वाकळीला कोणते कापड आत, कोणते बाहेर, लेकराला कोणती बाजू लावायची, टाका किती अंतरावर म्हणजे थर सरकणार नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्या आपल्यात आता मोजक्या उरल्या. पॅरिसच्या शिंप्यांनी यंत्रे मोडली तरी यंत्र थांबले नाही. पण हातातली विद्या मात्र कोणी न मोडता, नुसती न विचारल्यामुळेही जाते.

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षी मशीनचा वर्ग चालू ठेवावा, आणि त्याच्या शेजारी सतरंजीवर हाताच्या वाकळीचा वर्गही बसवावा. शिकविणाऱ्या आपल्याच साठीच्या-सत्तरीच्या भगिनी असाव्यात, आणि त्यांना मानधन द्यावे. फुकट घेतलेल्या विद्येची किंमत राहत नाही. प्रत्येक घराने एक जुने सुती लुगडे, धोतर किंवा चादर मंडळात आणून द्यावी. मशीनवर बसणाऱ्या मुलीने आधी हाताने एक दुपटे पूर्ण करावे, असा नियम केला तर फारच उत्तम.

आपली मोठी गोधडी वर्धापनदिनी सभागृहात लावलेली असेल. तिचा मधला भाग आम्ही मशीनने शिवला आहे. चारही कडांचा वीतभर पट्टा ज्येष्ठ भगिनींसाठी मोकळा ठेवला होता, तो त्यांनी हाताने धावदोरा घालून पुरा केला. जवळ जाऊन बोट फिरवून पाहावे, म्हणजे दोन्ही टाक्यांतला फरक कळेल. कोणता आवडला ते मंडळाच्या वहीत अवश्य लिहावे, आणि सुती कापडाची पिशवी येताना बरोबर आणण्यास विसरू नये, ही विनंती.