कामाच्या ठिकाणी प्रौढांचे लसीकरण : तरतुदी, जबाबदारी आणि नोंदीचा प्रश्न

नवी दिल्ली : देशात १९८५ पासून राबविला जाणारा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बालके आणि गर्भवती महिला यांच्यासाठी आहे. प्रौढ वयात केवळ कामाच्या स्वरूपामुळे ज्यांना संसर्गाचा धोका संभवतो, त्यांच्यासाठी तशी व्यापक राष्ट्रीय यंत्रणा नाही. रुग्णालयातील कचरा उचलणारा सफाई कामगार, उपाहारगृहातील आचारी किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातील मदतनीस यांना लस मिळणे हे बहुतांशी ते जिथे काम करतात त्या आस्थापनेवर अवलंबून असते. कामाच्या ठिकाणच्या लसीकरणाचे महत्त्व त्यातूनच स्पष्ट होते.

मळ्यांपासून कारखान्यांपर्यंत

ही कल्पना भारतात नवी नाही. पटकीवरील लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये कोलकात्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी आसाममधील चहाच्या मळ्यांतील मजुरांना पटकीची लस टोचली. एकाच ठिकाणी राहणारे आणि काम करणारे मजूर असल्याने लस देणे आणि तिचा परिणाम पाहणे, या दोन्ही गोष्टी तेथे शक्य होत्या. हाफकिन यांनी पुढे १८९७ मध्ये मुंबईत प्लेगवरील लस तयार केली.

या पद्धतीला देशव्यापी रूप आले ते कोविड-१९ च्या साथीत. लसीकरणाला १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि ११ एप्रिलपासून कामाच्या ठिकाणी लसीकरण केंद्रे सुरू करण्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना अनुमती दिली. सुमारे १०० पात्र व इच्छुक कर्मचारी असलेल्या सरकारी वा खासगी आस्थापनेत असे केंद्र उघडता येत होते.

केंद्राची कार्यपद्धतीही ठरवून देण्यात आली. आस्थापनेने आपल्यातील एक वरिष्ठ कर्मचारी समन्वय अधिकारी म्हणून नेमायचा, लाभार्थ्यांची नोंदणी ‘कोविन’वर करायची आणि प्रतीक्षा, लसीकरण व निरीक्षण यांसाठी स्वतंत्र जागा द्यायची. लस टोचल्यानंतर ३० मिनिटे निरीक्षणाखाली थांबणे आवश्यक होते. प्रत्येक केंद्र जवळच्या सरकारी किंवा खासगी लसीकरण केंद्राशी जोडलेले असे. सरकारी कार्यालयांत लस मोफत होती, तर खासगी आस्थापनांत प्रारंभी प्रतिमात्रा २५० रुपयांची मर्यादा होती. त्यात लसीचे १५० व सेवाशुल्काचे १०० रुपये धरलेले होते.

प्रारंभी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांनाही या केंद्रांवर प्रवेश नव्हता. मे २०२१ मध्ये मंत्रालयाने कुटुंबीय व अवलंबितांचा समावेश करण्यास मान्यता दिली. मे महिन्यापासून १८ वर्षांवरील सर्वजण पात्र ठरल्याने औद्योगिक केंद्रांची व्याप्ती वाढली. १७ जुलै २०२२ रोजी देशातील एकूण मात्रांची संख्या २०० कोटींवर पोहोचली. मात्र ही व्यवस्था प्रामुख्याने संघटित क्षेत्रासाठी होती. जेथे मनुष्यबळ विभाग, हजेरीपट आणि मोकळे सभागृह होते, तेथे केंद्र उभारणे सोपे गेले. रोजंदारीवर ठिकठिकाणी काम करणाऱ्यांकडे यांपैकी काहीच नव्हते.

कायदा काय सांगतो

साथीच्या आधीपासूनच काही व्यवसायांत कर्मचाऱ्यांचे लसीकरण बंधनकारक आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार, रुग्णालय किंवा दवाखान्याचे प्रशासन ज्यांच्या हाती आहे त्यांनी आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि असा कचरा हाताळणाऱ्या ‘इतरांना’ हिपॅटायटीस बी, धनुर्वात यांसह संभाव्य आजारांवरील लस द्यावयाची आहे. नोकरीत रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारीही त्यांचीच. कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सामायिक केंद्रांच्या चालकांवर आपल्या कामगारांसाठी असेच दायित्व आहे. नियमातील ‘इतर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सफाईचे काम कंत्राटदाराकडे सोपविले असले, तरी कचरा हाताळणारा कामगार नियमाच्या कक्षेबाहेर जात नाही.

अन्न व्यवसायासाठी २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना व नोंदणी विनियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत. त्यांत अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, विषमज्वरासारख्या आतड्याच्या आजारांवरील लसीकरण आणि त्याची तपासणीसाठी उपलब्ध राहील अशी नोंद यांचा अंतर्भाव आहे. विषमज्वरावरील व्ही-पॉलिसॅकराइड प्रकारची लस एकदा घेऊन भागत नाही. ती सामान्यतः दर ३ वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतलेले प्रमाणपत्र पुढील सर्व वर्षांसाठी पुरेसे ठरत नाही.

याखेरीज पशुवैद्यक, श्वानपथकातील कर्मचारी आणि प्राणिसंग्रहालयातील कामगार यांच्यासाठी चावा होण्यापूर्वीच रेबीजची लस घेण्याची शिफारस आहे. बांधकाम, शेती, सफाई यांसारख्या जखमांचा धोका असलेल्या कामांत धनुर्वात व घटसर्प यांवरील संयुक्त लसीची मात्रा दर १० वर्षांनी घेणे उचित मानले जाते. इन्फ्लुएन्झाची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते. विषाणूचे रूप बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीच्या घटकांची शिफारस करते.

सहा महिन्यांचे अंतर

प्रत्यक्ष अंमलबजावणीत सर्वांत कठीण ठरते ती हिपॅटायटीस बीची लस. तिच्या तीन मात्रा असतात. पहिली मात्रा दिल्यानंतर दुसरी एका महिन्याने आणि तिसरी सहा महिन्यांनी दिली जाते. या लसीची गरज मोठी आहे. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली गेल्यास, त्या रुग्णाच्या अवस्थेनुसार, संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीबाबत हेच प्रमाण सुमारे ०.३ टक्के आहे.

सहा महिन्यांच्या काळात कंत्राटी कामगाराचे ठिकाण, कधी कंत्राटदार, तर कधी शहरच बदलते. पहिली मात्रा एका रुग्णालयात मिळते. दुसरी व तिसरी राहून जाते. आस्थापनेच्या अहवालात लसीकरण झाल्याची नोंद असते, परंतु कामगाराला पूर्ण संरक्षण मिळालेले नसते. वैद्यकीयदृष्ट्या यावर सोपा उपाय आहे. मधली मात्रा चुकली तरी लसमालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेल्या मात्रा तेवढ्या द्याव्या लागतात. मात्र त्यासाठी आधीच्या मात्रेचा पुरावा नव्या डॉक्टरांसमोर असणे गरजेचे असते. नोंदवही जुन्या आस्थापनेच्या कपाटात आणि कामगार दुसऱ्या गावी, अशी स्थिती असेल तर हा लाभ निरुपयोगी ठरतो.

कोविडच्या वेळी हा प्रश्न उद्भवला नाही, कारण प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावे निघत होते आणि दुसरी मात्रा देशात कोठेही घेता येत होती. तीच पद्धत व्यावसायिक लसीकरणाला लागू करणे अवघड नाही. लसीचे नाव, तारीख, मात्रेचा क्रमांक आणि पुढील मात्रेची तारीख असलेले साधे कार्ड कामगाराच्या हाती दिले, तरी मालिका पूर्ण होण्याची शक्यता वाढते. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घेतल्यास संरक्षण मिळाले की नाही, हेही कळते.

संमतीचा मुद्दा

लस देणे ही मालकाची जबाबदारी असली, तरी ती बळजबरीने देता येत नाही. मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये दुकानदार, वाहनचालक आदींवर व्यवसायासाठी घातलेली लसीची सक्ती मान्य केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल प्रकरणात निकाल देताना शारीरिक स्वायत्तता ही संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे सांगून कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे स्पष्ट केले. सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी सरकार वाजवी आणि प्रमाणशीर निर्बंध घालू शकते, हेही न्यायालयाने मान्य केले.

म्हणूनच लसीकरणापूर्वी कामगाराला त्याच्या भाषेत माहिती देणे, ॲलर्जी व पूर्वीच्या आजारांची विचारणा करणे आणि लसीनंतर त्रास झाल्यास कोठे जावे हे सांगणे आवश्यक ठरते. लसीसाठी लागलेला वेळ कामाचा वेळ म्हणून धरला गेला, तर रोजंदारीवरील कामगाराला मजुरी आणि लस यांतून एकाची निवड करावी लागत नाही.

तरतुदी, लसी आणि त्या टोचणारे प्रशिक्षित कर्मचारी देशात उपलब्ध आहेत. आस्थापनेने कामगारांची यादी करताना हजेरीपटावर नाव कोणाच्या खात्यावर आहे याऐवजी सुई, कचरा वा अन्न प्रत्यक्षात कोण हाताळतो हे पाहिले, तर या तरतुदींचा लाभ ज्यांच्यासाठी त्या केल्या आहेत त्यांना मिळू शकेल.